विडी सोडायला सांगितली, तर हे निघाले पाईप घ्यायला

बायांनो, आज देवळाली कॅम्पात आमच्या ह्यांनी माझं डोकं फिरवलं.

डॉक्टरांनी विडी बंद केली, तर ह्यांना पाईप पाहिजे. म्हणे पाईपचा धूर छातीला लागत नाय!

दुकानदार पण तसलाच. "मावशी, ब्रायरचं लाकूड आहे. स्वस्तातलं, पण जळत नाही."

मी म्हणलं, "मग ह्यांची छाती पण ब्रायरची बसवून द्या."

हे आरशापुढं. "अगं, वाकडा शोभतो का सरळ?"

"आधी हा शेजारचा जिना न खोकता चढा, मग दोन्ही घेऊन देते."

अर्ध्यातच बसले, खोकून खोकून डोळे लाल. आणि तिथूनच दुकानदाराला ओरडतात, "वाकडाच बांधा!"

जीव नको, ऐट हवी ह्या माणसाला. सांगा, मी रडू का त्याच पाईपनं ह्यांचं टाळकं फोडू?