चांदणी लावलेला पणजा

माझी धाकटी मुलगी मुंबईला जाऊन रशियन शिकली. भिवंडीत ती रशियन कोणाशी बोलणार, हे मला अजून कळलेलं नाही. इथं लूमवर हिंदी, बाजारात हिंदी, घरात आमची आगरी. पण पोर हट्टी. कोणावर गेली ते सांगायला नको.

गोदामांची हवा सुरू झाली त्या दिवसांत तिने भिवंडीलगतच्या कोन गावातल्या आमच्या घरात, भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला. वर एक शब्द, खाली फांद्या. मी चौथीपर्यंत शिकलो, पण वंशावळ ओळखतो. म्हटलं, "कोनाचे वारस हे?"

"शब्दाचे. 'दाती', म्हणजे देणे. रशियन, पोलिश, चेक या सगळ्या एका जुन्या भाषेच्या मुली. त्या आईचा हा शब्द. अजून मागे गेलं तर आपलं 'देणं'सुद्धा त्याच घराण्यातलं, चुलत घरचं."

"येवढा मोठा खानदान देणाऱ्यांचा, आन् देत कोन न्हाय."

ती हसली. मी हसलो नाही, कारण माझं डोकं शेजारच्या शेलार गावातल्या आमच्या वडिलोपार्जित शेतात अडकलं होतं. ते शेत गोदामवाल्याला द्यायचं ठरलं आणि तिथल्या चुलत्यांनी वारसांत आमचं घर धरलंच नाही. वर भर चावडीत सांगितलं, "त्यांचा आजा आमच्याकडे गडी होता. भाऊ न्हवं." माझा आजा लग्नानंतर सासुरवाडीला, कोनला राहिला, म्हणून गडी? जमीन गेली तरी चालेल, पण हा शब्द मी गिळणार नव्हतो. तलाठ्याकडे खेपा घातल्या. तो एकच म्हणे, "काका, तुमच्या पणज्याचा कागद आणा." पणज्याचा कागद कुठून आणू? त्याने कागद पाहिला असेल तर पतंगाचा.

त्या वैतागात माझी नजर भिंतीवर गेली. वरच्या शब्दापुढे एक चांदणी होती.

"ही कशाला?"

"तो शब्द कोणी लिहून ठेवलेला नाही, बाबा. कोणी ऐकलेलाही नाही. लेकरांवरून आई कशी असेल ते मागे जाऊन ठरवलं."

मी उठूनच बसलो. परक्या मुलखातल्या शब्दाला बिनकागदाची आई मिळते, आणि मला पणजा मिळत नाही!

आमच्यात थोरल्या नातवाला आज्याचं नाव देतात. माझ्या बापाचं जे नाव, तेच शेलारच्या चुलत्याच्या बापाचं, तेच राहनाळ गावात असलेल्या भावकीच्या तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्याचं. तिघं एका वयाचे. म्हणजे तिघांचा आजा एक, आणि त्याचं नाव तेच. झाला की नाही पुरावा? राहनाळच्या म्हाताऱ्याकडे गेलो, तर तो म्हणाला, "नाव खरा हाय, पन मना भांडनात नको घेऊस." बरं, नको. मी पोरीला सांगितलं, "लिही अर्ज. तुझ्या कागदासारखाच."

तिने पेन उचललं नाही. "बाबा, नुसतं सारखं असून चालत नाही. रशियन लोकही चहाला 'चाय' म्हणतात. पण त्यावरून नातं ठरत नाही. तो शब्द फिरत फिरत दोघांकडे आला."

"नाव म्हंजे चाय हाय?"

ती हळूच म्हणाली, "गडीसुद्धा मालकाचं नाव पोराला ठेवतो."

माझ्याच घरात, माझ्याच पोरीने. आठवडाभर मी तिच्याशी बोललो नाही. ती ताट वाढी, मी भिंतीकडे बघून जेवी. भिंतीवर तोच कागद.

शेवटी राहवलं नाही. ताटावरूनच विचारलं, "म्हंजे तुमची ती चांदणी खोटी?"

"खोटी कशी? त्या शब्दाची आम्हाला खात्री आहे. फक्त ऐकलेला नाही, हे लपवायचं नाही."

"मना पन खात्री हाय."

"मग तसंच लिहा."

अर्ज मीच लिहिला, माझ्या वाकड्या अक्षरात. पणज्याचं नाव, आणि त्याच्यापुढे चांदणी.

तलाठ्याने कागद डोळ्यांपुढे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "काका, ही खूण केलीय. खाली टीप कुठंय?"

"टीप समोर उभी हाय, भाऊसाहेब. बघून घ्या."

मागचे लोक हसले. तो नाही हसला. अर्ज माझ्याकडे सरकवून म्हणाला, "खूण खोडा आणि पुरावा जोडा."

पुरावा जोडता आला नाही, आणि खूण मी खोडली नाही. शेलारच्या शेतावर आता पत्र्याचं गोदाम आहे. पोर म्हणते, "बाबा, सोडा आता." मी दर काही महिन्यांनी तोच अर्ज नव्या कागदावर उतरवून नेतो. तलाठी बदलले. चांदणी तीच आहे.