फाट्यापासून गावापर्यंत

मोटारसायकलवर जाणाऱ्या माणसाची काळजी घरच्यांना असते. आमच्याकडे ती गाडी चालवणाऱ्यालाच जास्त होती. माझा नवरा गाडी काढण्याआधी दोन्ही टायर दाबून बघायचा, ब्रेक मारून बघायचा, मला मागे उभी करून लाल दिवा लागतो का विचारायचा. तोवर जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीतून सगळी दुनिया पुढे निघून गेलेली असायची. मी कुरकुरले की म्हणायचा, जल्दी कशाची आहे? स्वतःच्या हेल्मेटचा पट्टा लावून झाला की माझ्या हनुवटीखाली बोट घालून माझाही ओढून बघायचा, तेही भर गल्लीत. समोरचे कापडवाले हसायचे. मला लाज वाटायची आणि आवडायचंही.

तो बदनापूरच्या एका शाळेवर शिक्षक होता, मी जालन्यात एका कार्यालयात. शनिवारी सकाळची शाळा करून तो आला की आम्ही भोकरदन रोडने त्याच्या गावी जायचो, सासूबाईंकडे. लग्न झाल्या झाल्याच त्याने मला बजावलं होतं की साडी नेसून एका बाजूला बसणार असशील तर मी गाडी काढणार नाही. मग मी पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसायला लागले. सासूबाईंचं तोंड बरेच दिवस वाकडं होतं. त्यांची समजूतही त्यानेच काढली, पदर चाकात गेला तर काय होतं ते सांगून.

एवढा शहाणा माणूस, पण मुख्य रस्ता सोडून गावाकडे वळायचा फाटा आला की गाडी बाजूला घ्यायचा, हेल्मेट काढायचा आणि मागे माझ्याकडे द्यायचा. तिथून गावापर्यंत ते मी मांडीवर धरून बसायचे.

कारण गावाच्या तोंडाशीच कडुलिंबाखालच्या पारावर म्हातारी माणसं बसलेली असतात. गावचा मुलगा शिकून नोकरीला लागला आणि तोंड झाकून त्यांच्यासमोरून गाडी दामटत गेला, तर त्याला मुजोरी म्हणतात. त्याने गाडी हळू करून कुणाला जय भीम, कुणाला रामराम, कुणाला सलाम करायला हवा, आणि करणाऱ्याचा चेहरा त्यांना दिसायला हवा. माझं मात्र बरोबर उलटं. सुनेचं डोकं झाकलेलं असणं म्हणजे मर्यादा. त्यामुळे माझ्या हेल्मेटला कुणाची हरकत नव्हती. फार तर बाया म्हणायच्या, मास्तरीणबाईंचा पदर आता प्लास्टिकचा झाला. एकाच गाडीवर, एकाच रस्त्याने जाताना बायकोने डोकं झाकायचं आणि नवऱ्याने उघडं ठेवायचं, असा तो रिवाज होता.

यावरून आमची भांडणं व्हायची. मी तशी तोंडाळ आहे, मनात काही ठेवत नाही. तो म्हणायचा, गाव हाकेवर आलंय, बैलगाडीच्या वेगाने जातो मी, काय होतंय? त्याच्या लेखी धोका होता तो मोठ्या रस्त्यावर, ट्रकमध्ये, एसटीमध्ये. गावचा रस्ता म्हणजे घरचं अंगण. एकदा मी फाट्यावर उतरूनच उभी राहिले. म्हणाले, तुमच्या आजोबांना याच गावातून जाताना पायताण हातात घ्यावं लागायचं, हे तुम्हीच मला सांगितलंत. आणि आज तुम्ही आपल्या हाताने हेल्मेट काढताय.

त्याला ते लागलं. बराच वेळ तो आरशाची काच पुसत राहिला. मग म्हणाला, "त्यांना काढावं लागायचं. मला कुणी काढ म्हणून राह्यलं का? मी मायेनं काढतो."

मी गाडीवर बसले. हेल्मेट मात्र मांडीवर आपटूनच घेतलं.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. आमच्याकडे या दिवसांत गावच्या डांबरी रस्त्याचा निम्मा भाग खळ्यासारखाच वापरला जातो. सोयाबीन वाळत घालतात आणि गाड्या त्यावर चढू नयेत म्हणून कडेने दगड मांडून ठेवतात. दरवर्षीचंच आहे, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. त्या शनिवारी फाट्यावर तो थांबला, नेहमीप्रमाणे हेल्मेट माझ्याकडे दिलं, केसांतून हात फिरवला. पार दिसायला लागला तेवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला. त्याला वाट द्यायला त्याने गाडी कडेला घेतली आणि पुढचं चाक दगडांबाहेर सांडलेल्या दाण्यांवर गेलं. दाणे चाकाखालून सरकले. आम्ही पडलो ते पोरं सायकलवरून पडतात तसे पडलो, वेग म्हणावा असा नव्हताच. माझं डोकं डांबरावर आपटलं, कानात मोठा आवाज झाला आणि मी उठून बसले. त्याचं डोकं मांडलेल्या दगडावर गेलं होतं. त्याचं हेल्मेट माझ्या हातात होतं. पडतानाही मी ते सोडलं नव्हतं.

कुणाच्या तरी जीपमध्ये घालून आम्ही त्याला जालन्याला आणलं. श्वास चालू होता, तेवढ्यावर मी जीव धरून होते. डॉक्टरांनी विचारलं, हेल्मेट नव्हतं का? मी म्हणाले, होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, म्हणजे माझ्याजवळ होतं.

तो शुद्धीवर आला नाही. मला फार काही नको होतं, एकदा डोळे उघडून माझ्याकडे बघावं, एवढंच. मी त्याच्या कानाशी बसून बोलत राहिले. रडून झालं, विनवून झालं, मग भांडायला लागले. म्हणाले, उठा, नाहीतर बघा, येत्या शनिवारी साडी नेसून एका बाजूला बसते की नाही. या धमकीला तो नक्की उठेल असं मला खरंच वाटत होतं. त्याच आठवड्यात तो गेला.

मग मला राग आला. रस्त्याचा नाही, ट्रॅक्टरवाल्याचा नाही, सोयाबीनवाल्याचाही नाही. पारावर बसणाऱ्यांचा. रोज दिवसभर मी मनात वाक्यं जुळवत होते. तुमच्या एका रामरामापायी माझा माणूस गेला, असं त्यांच्या तोंडावर सांगायचं ठरवलं होतं. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला ते येणार हे माहीत होतं, आणि मी त्या दिवसाची वाट बघत होते.

ते आले. गावातल्या आमच्या घरी अंगणात बुद्धवंदना झाली, लोक एकेक करून भेटायला लागले. पारावरच्या म्हाताऱ्यांमधला सगळ्यांत वयस्कर आजा सुनेचा हात धरून माझ्यासमोर आला. याच्यापाशी माझा नवरा गाडी हळू करायचा नाही, थांबवायचाच. त्याचा पहिला जय भीम याला असायचा. आज्याने हात पुढे केला तो माझ्या उजवीकडे, जिथे कुणीच नव्हतं. सुनेने तो धरून माझ्या हातात दिला.

"मला दिसत न्हाई, बाई, लई दिवसांपासून," तो म्हणाला. "गाडीच्या आवाजावरूनच ओळखायचो मी त्याला. फाट्यावरून वळली की कळायचं, आलं आपलं पोरगं. त्या दिवशीबी आवाज आल्ता. मंग एकदम बंद झाला."



"लोकं म्हणून राह्यले, फाट्यावर आला की तो हेल्मेट काढून घ्यायचा," आजा म्हणाला. "आमच्यापायी काढायचा का?"

इतके दिवस जुळवलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला होता.

"नाही, आजा," मी म्हणाले. "उकडायचं त्यांना."

त्याने मान हलवली. ऊन लई होतं त्या दिवशी, म्हणाला. मी हो म्हणाले.