खिळ्यांचा पट्टा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण आता स्वतःचाच इतका राग येतो की गप्प बसवत नाही.

डिंभ्याच्या धरणाकाठी माझे आठ तंबू आहेत. जागा ठकूमावशीची, पाव्हण्यांचं जेवणही तीच रांधते. बंड्या तिचा कुत्रा. आमच्याकडे बिबट्या कुत्र्याची मानच धरतो, म्हणून गळ्यात पट्टा असतो, बाहेरून टोकदार खिळे असलेला. बंड्याचा पट्टा मावशी रोज स्वतःच्या हाताने बांधायची.

गेल्या वर्षी एक जोडपं आलं, सोबत केसाळ, गुबगुबीत कुत्रा. दोन्ही कुत्री पाण्याकाठी खेळायला लागली. बाई म्हणाल्या, "ते खिळे आमच्या बाळाला लागतील हो, काढा ना जरा." बाळ! डोकंच सणकलं माझं. पण तोंडातून काय निघालं? "हो मॅडम, काढतो की." लाळघोटेपणा — दुसरं काय? पाव्हणे खूश झाले पाहिजेत, मोबाइलवर चार चांगले शब्द लिहिले पाहिजेत!

मनातल्या मनात त्या बाईला किती शिव्या घातल्यात मी. पण तिला बिबट्याचं काय ठाऊक? मी तर इथलाच. आणि पट्टा सहज निघाला असंही नाही. मावशीने तो इतका घट्ट बांधला होता की बक्कल सोडवायला मला पक्कड आणावी लागली.

ऊन उतरलं. पाव्हण्यांनी त्यांचं बाळ आत घेऊन तंबूची चेन ओढली. मी चहा करत होतो. पट्टा पातेल्याशेजारीच पडलेला — मी विसरलो नव्हतो, दिसत होता मला. चहा गाळतो, मग बांधतो, म्हटलं. तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून आवाज आला, धड भुंकणंही नव्हतं ते. धावलो. ओढत नेल्याची रेघ तेवढी राहिली होती.

इथवर चूक म्हणता आली असती. पण पुढचं? मावशी पळत आली, आणि तिने काही विचारायच्या आत मी पट्टा तिच्यापुढे धरला. "मावशी, ढिला व्हता. गळून पडला."

का बोललो? भ्यालो. ती जागा काढून घेईल म्हणून भ्यालो. इतका नीच मी.

मावशी मटकन खाली बसली. "माज्याच हातानं बांदला व्हता रं... म्याच मारला त्याला." मी समोर उभा होतो. खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता? नाही सांगितलं. वर तिला पाणी आणून दिलं, समजूत घातली — होतं असं कधीकधी, म्हणालो!

आता तिच्याकडे दुसरा कुत्रा आहे. त्याचा पट्टा ती बांधत नाही. रोज ऊन कलायला लागलं की कुत्र्याला धरून माझ्याकडे आणते. "तूच बांद बाबा. माज्या हाताचा भरवसा न्हाई."

मी बांधतो. ती बक्कल ओढून बघतही नाही. "द्येव तुजं भलं करो," म्हणते आणि जाते.