ओल्या चिऱ्यांची भिंत

"दगडाला घाई चालत नाय, बाय," म्हणत मावशी सुपलीत गोळा केलेली लाल भुकटी माझ्या टेबलाशी आणून दाखवायची. केर टाकण्याआधी दाखवायचा, ही तिची खोड.

ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास रत्नागिरीत खाणकामाचं छोटं संग्रहालय उघडणार होतं. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून पाट्या लिहायला मला घेतलं होतं. मावशी तिथे झाडलोट करायची. त्याआधी वीस वर्षं तिने खाणीतून जांभ्या दगडाचे लाल चिरे डोक्यावरून वाहिले होते. अशी माणसं आपण रोज पाहतो. त्यांना काय कळतं ते विचारत नाही.

दालनात खाणीचा देखावा म्हणून संग्रहालयाच्या साहेबांनी चुना-सिमेंट न लावता नुसते चिरे रचून दीड पुरुष उंच भिंत उभी केली होती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी भिंतीखालच्या भुकटीनेच तिची सुपली काठोकाठ भरली.

"चिरे ओले आणलेत. उन्हावाऱ्यात सुकवलेच नाय. खालच्यांच्या कडा चुरतायत. आणि उद्या तिथंच पोरं उभी करणार, फोटोला!"

"मावशी, साहेबांना सांगा ना."

"सांगितलं. म्हनाले, तू केर काढ. तुमचं ऐकतील. इंग्रेजीत सांगा."

मी साहेबांच्या दारापर्यंत गेले. वाक्य इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत. आतून हसण्याचे आवाज येत होते. मी परत फिरले आणि तिला म्हणाले, "बघतो म्हणाले."

दुसऱ्या दिवशी शाळेची मुलं रांगेने भिंतीकडे निघाली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाट्यांकडे पाहिलं. तेव्हा ती झाडू घेऊन गेली आणि भिंतीच्या पायथ्याशी फतकल मारून बसली.

"ए, ऊठ तिथून!" साहेब ओरडले.

"पायात गोळे आलेत, साहेब."

"फोटोत झाडूवाली घेऊ का मी?"

"नको तर पोरांना दारातल्या पायरीवर न्या. उजेड पन बरा हाय."

मुलं खिदळली. फोटोग्राफरला उजेड पटला. फोटो पायरीवर निघाला. तेवढा वेळ ती तिथेच बसून होती आणि मी भिंतीच्या वरच्या ओळीवरून नजर काढू शकले नाही.

संध्याकाळी तिला कामावरून काढलं. पाचव्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर वरच्या तीन ओळी खाली आल्या होत्या. ती बसली होती, बरोबर तिथे.

लांज्याच्या रस्त्याला एका चिरेखाणीवर ती सापडली. डोक्यावर चिरा घेऊन चढण चढत होती.

"मावशी, मी साहेबांना सांगितलंच नव्हतं."

"ठाव हाय."

तिने मान वळवली नाही. डोक्यावर चिरा असताना ती वळवता येत नाही.

"बाजूला व्हा, बाय. वाट अरुंद हाय."

मी बाजूला झाले.