आपलं बघतोय

मी चाव्या करतो. बाजारातल्या जिन्याखाली माझं दुकान आहे. तिथं उभं राहिलं की डोकं आपटतं आणि बसलं की गुडघे. पाठीमागच्या फळीवर कोऱ्या चाव्या टांगलेल्या, पुढ्यात मशीन आणि माझ्या केसांत पितळेचा कीस. संध्याकाळी घरी गेलो की बायको आधी मला दाराबाहेर झटकते आणि मगच आत घेते. अर्ध्या शहराच्या दारांशी माझे असे घरोब्याचे संबंध आहेत. आमच्या स्वतःच्या दारात बसवलेलं कुलूप मात्र कित्येक वर्षं अडतंय. चावी फिरवताना दार जरा उचलायचं, खांद्यानं ढकलायचं आणि मनात एक शिवी घालायची, की उघडतं. "या रविवारी नक्की दुरुस्त करतो," असं मी दर रविवारी म्हणतो.

पण रविवारी मला वेळ कुठला? रविवारी मी मुलांना शहर दाखवतो. फुकट.

हा शब्द बायकोला खटकतो. "निदान मुलांसमोर तरी 'फिरायला जातो' म्हणा," असं तिचं म्हणणं. पण मला त्या शब्दातच खरी चव लागते. कुठल्या इमारतीतला सरकता जिना सगळ्यांत लांब आहे, कुठल्या वाचनालयात गारवा चांगला आणि पेंगलं तरी कुणी उठवत नाही, आगीचा बंब धुवायला बाहेर कधी काढतात, कुठल्या पुलावरून हात केला तर मालगाडीचा ड्रायव्हर भोंगा वाजवतो, हे सगळं मला तोंडपाठ आहे. या विषयात पदवी देत असते, तर मी आज प्राध्यापक असतो.

आमचा थोरला हल्ली या सहलींना कंटाळलाय. तो येतो, पण माझ्यापासून लांब चालतो, आमची ओळख नसल्यासारखा. धाकटीचं तसं नाही. ती कायम कुणाच्या तरी मागे असते म्हणून आम्ही तिला शेपूट म्हणतो. सहलीला निघायचं म्हटलं की मात्र ती सगळ्यांच्या आधी चपला घालून दारात उभी असते. चपला बहुतेक वेळा उलट्या असतात.

आमचं सगळ्यांत लाडकं ठिकाण म्हणजे मोठ्या चौकातलं फर्निचरचं दुकान. मजल्यावर मजले आणि प्रत्येक मजल्यावर खोल्याच्या खोल्या मांडून ठेवलेल्या. दिवाणखान्यात पुठ्ठ्याचा टीव्ही, कपाटात नुसत्या पाठी असलेली पुस्तकं, स्वयंपाकघरात चकचकीत नळ. त्या घरात पाणी कधी जात नाही, कारण येतच नाही. तिसऱ्या मजल्यावर मुलांची खोली होती. तिथं वरखाली झोपायचा पलंग, त्याला छोटी शिडी आणि वर पिवळा दिवा. आमच्याकडे आम्ही चौघं एकाच खोलीत, जमिनीवर गाद्या घालून झोपतो. शेपूट मधोमध असते, त्यामुळे रात्रभर तिला कुणाचा ना कुणाचा पाय लागतो. त्या पलंगावर ती चपला काढून चढायची, हातपाय पसरायची आणि छताकडे बघत पडून राहायची.

अशा दुकानात फुकट वावरायला अंगी कला लागते. आत शिरलं की टाय लावलेला विक्रेता पुढं येतो आणि विचारतो, "काय बघताय साहेब?" नवशिका माणूस इथंच गडबडतो. तो म्हणतो, "नुसतं बघतोय." 'नुसतं' म्हटलं की तुमचा खिसा त्याला आरपार दिसतो. मी तसं कधीच म्हणत नाही. मी हात पाठीमागे बांधतो, हनुवटी जरा वर करतो आणि म्हणतो, "काही नाही, आपलं बघतोय." 'आपलं' किंचित लांबवायचं, म्हणजे या माणसाची दोनतीन घरं आहेत आणि चौथ्यात काय ठेवावं याचा विचार चाललाय, असं वाटतं. याचा मी आरशासमोर सराव केलाय. बायकोनं तो चोरून पाहिलाय, त्यामुळे घरात माझी पत किती आहे हे वेगळं सांगायला नको.

एका रविवारी शेपटीनं आपली लाल क्लिप त्या पलंगावरच्या उशीखाली ठेवली. "राहू दे इथंच," ती म्हणाली. पुढच्या वेळी गेलो तर क्लिप तिथंच! मी चकित झालो. शेपूट मात्र चकित झाली नाही. खरं म्हणजे तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण कुलपांखेरीज दुसरं काही मला चटकन उघडत नाही.

मग एका संध्याकाळी बायकोला फोन आला. फोन ठेवून ती माझ्याकडे बघतच राहिली.

"अहो, आपलं दुसरं घर कुठंय?"

"पहिलंच भाड्याचं आहे. दुसरं कुठून आणू?"

"तिसऱ्या मजल्यावर आहे म्हणे. शेपटीला तिथं शिडीचा पलंग आहे. सगळ्या वर्गाला सांगून झालंय तिचं."

आम्ही शेपटीला समोर बसवलं. "ते घर आपलं आहे असं कोण म्हणालं तुला?" मी विचारलं.

"तूच!" ती म्हणाली. "तू नेहमी त्या टायवाल्या काकांना सांगतोस ना, आपलं बघतोय."

बायको उशीत तोंड खुपसून हसायला लागली. मीही हसलो असतो, पण हसता हसता ती एकदम थांबली. शेपूट झोपल्यावर तिनं मला फोनवरचं बाकीचं सांगितलं. वर्गातल्या मुली शेपटीला खोटारडी म्हणत होत्या. तिच्याशेजारी कुणी बसत नव्हतं. दोन वेण्यांची एक मुलगी तेवढी तिच्या बाजूची होती, आणि फोन तिच्याच आईचा होता. येत्या रविवारी ती मैत्रीण आईला घेऊन 'दुसरं घर' बघायला येणार होती.

"त्याआधी तिला खरं काय ते सांगा," बायको म्हणाली. "'आपलं' तुम्ही म्हणालात, तुम्हीच निस्तरा."

मी प्रयत्न केला नाही असं नाही. सकाळी तिचे केस विंचरताना मी सुरुवात केली, "हे बघ शेपूट, काही वस्तू आपल्या असतात आणि काही..."

"काही शेजारच्यांकडे असतात," ती म्हणाली. "आपली बादली त्यांच्याकडेच आहे."

मग मी तिला माझ्या दुकानात नेलं. चाव्यांकडे बोट दाखवून म्हणालो, "बघ, चाव्या मी करतो, पण घरं लोकांची असतात." मला वाटलं, काय सुरेख सांगितलं! ती एकेका चावीला हात लावत गेली. मग म्हणाली, "आणि आपल्या दुसऱ्या घराची कुठली?" आता तरी बोलायचं की नाही? पण तिचे ते डोळे बघून माझी जीभ घसरली. मी म्हणालो, "ती अजून करायची आहे." खड्ड्यातून वर यायचं सोडून मी तो आणखी खणला.

रविवार उजाडला. शेपटीनं सांगितल्याप्रमाणे मोठ्या चौकात, फर्निचरच्या दुकानाच्या दाराशी दोन वेण्यांची मैत्रीण आणि तिची आई उभ्या होत्या. बायको आली नाही. "तुमची फजिती मला बघवणार नाही," असं म्हणाली, पण तिचा आवाज काळजीचा होता. मैत्रिणीच्या आईनं वरची पाटी वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मीही पाटीकडे पाहिलं, जणू आजच लागली होती. तेवढ्यात टायवाला आलाच.

"काय बघताय साहेब?"

मी हात पाठीमागे बांधले, पण हनुवटी काही वर होईना. शेपटीनं मैत्रिणीचा हात धरला, "आपलं बघतोय," असं ठणकावून सांगितलं आणि तिला ओढत जिना चढायला लागली.

तिसऱ्या मजल्यावर दोन कामगार त्या पलंगाचे स्क्रू काढत होते. शिडी भिंतीला टेकवली होती आणि तिच्यावर 'विकले' असा कागद चिकटवला होता.

"बाबा!" शेपूट ओरडली. "ते आपला पलंग नेतायत!"

सांगायला लाज वाटते, पण तेव्हाही 'दुरुस्तीला नेतायत' एवढं माझ्या ओठांवर आलं होतं. किती सोपं होतं! पण शेपूट माझ्याकडे बघतच नव्हती. ती मैत्रिणीकडे बघत होती, आणि मैत्रीण त्या कागदावरची अक्षरं जुळवत होती. एवढी एक मैत्रीणही आता हिच्यापासून उठून जाणार होती. मी तिथंच फरशीवर बसलो आणि मैत्रिणीला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललो.

"शेपूट, हा पलंग आपला नाही. हे घरही आपलं नाही, हे दुकान आहे. मी 'आपलं बघतोय' म्हणायचो ते नुसतंच बघतोय अशा अर्थानं. आपण घेणार नव्हतो. आपल्याला परवडत नाही. तू खोटं बोलली नाहीस. तू माझं ऐकलंस, आणि मला नीट बोलता आलं नाही."

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. लांब उभा असलेला थोरला आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला.

"नुसतंच?" शेपटीनं विचारलं.

"नुसतंच."

"दर वेळी?"

"दर वेळी."

अर्धवट सुटलेल्या पलंगावर तिनं नजर फिरवली. रडली नाही. म्हणाली, "मग माझी क्लिप?"

टायवाला आमच्या मागून वर आला होता. त्यानं खिशातून लाल क्लिप काढून तिच्या हातावर ठेवली. "ही मात्र तुझीच," तो म्हणाला. "झाडलोट करताना मी काढून ठेवायचो आणि रविवारी परत उशीखाली ठेवायचो. म्हटलं, येतीलच."

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं! माझे पाठीमागे बांधलेले हात, माझी वर केलेली हनुवटी, ते लांबवलेलं 'आपलं', सगळं तो इतके दिवस मजेत बघत होता. मला वाटत होतं मी त्याचं दुकान फुकट बघतोय, आणि तो माझं नाटक फुकट बघत होता.

मैत्रिणीनं शेपटीच्या केसांत क्लिप लावून दिली. मग विचारलं, "पण तुझं खरं घर कुठंय?"

शेपटीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर गुंडाळलेल्या गाद्या आणि दोरीवरचे ओले कपडे आले. "इथून जवळच आहे," मी म्हणालो, "चला."

वाटेत मैत्रिणीची आई मला एवढंच म्हणाली, "आमच्याकडे हिचा बाबा 'बघू' म्हणतो. तिला वाटतं, 'बघू' म्हणजे नक्की." मला तेवढ्यानंही फार बरं वाटलं.

घरी पोहोचलो आणि कुलूप अडलं. अडणारच. मी दार उचललं, चावी फिरवली, घाम पुसला, पुन्हा फिरवली. मागे पाहुण्या ताटकळत होत्या, आणि त्यांच्यासमोर या शहरातला चाव्यांचा जाणकार स्वतःच्याच दाराशी झटापट करत होता. तेवढ्यात आतून मूठ खेचत बायको ओरडली, "अहो, उचला जरा!"

मैत्रिणीनं त्या रंग उडालेल्या दाराकडे पाहिलं. "हे काय आहे?" तिनं विचारलं.

शेपटीनं हात पाठीमागे बांधले. हनुवटी जरा वर केली.

"काही नाही," ती म्हणाली. "आपलं घर."

'आपलं' तिनं किंचित लांबवलं, मग खांदा लावून दार ढकललं, आणि ते उघडलं.