मधलं शटल

शर्मिला गायकवाड मॅडमच्या जिवाला घोर नाही असा दिवस अजून उगवायचा आहे. घरातून निघाल्यावर गॅस बंद केला का ते बघायला त्या जिना चढून परत जातात, ते तर झालंच. पण धायरीहून वारज्याला शाळेत येईपर्यंत सिग्नलला थांबलेल्या अनोळखी पोरांनाही सुनावतात, की बाबा रे, हेल्मेट आरशाला कशाला अडकवलंस, आरशाला डोकं आहे का? नवरा धम्मदीप हिंजवडीला कंपनीच्या बसने जातो, त्याला पोचल्याचा फोन करावाच लागतो. आता असल्या काळजीखोर बाईच्या पदरात शाळेने टाकलं काय, तर बॅडमिंटन. त्यातही डबल्स!

शिकवतात मात्र छान, उगाच नावं का ठेवा. सहावी-सातवीच्या मुलींना त्या सांगतात, एकटीने खेळताना कोर्ट तुमचं आणि चूकही तुमची. दोघी उतरलात की मधे एक पट्टी राहते. ती दोघींची, म्हणजे कुणाचीच नाही. शटल नेमकं तिथेच येतं आणि दोघी एकमेकींकडे बघत बसतात. म्हणून मॅडमनी नियम घालून दिला होता: मधलं शटल जिच्या सरळ हाताला, म्हणजे फोरहँडला येईल तिचं. नियम सोपा होता, मुलींच्या पटकन डोक्यात बसला.

फक्त स्पृहा डावखुरी आहे, हे नियम करताना मॅडमच्या ध्यानात आलं नाही. स्पृहा उजवीकडे आणि तिची जोडीदार आनंदी डावीकडे उभी राहिली, की दोघींचेही सरळ हात मधेच येतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी शटल मधे आलं, दोघी आज्ञाधारक पोरी एकदम धावल्या, आणि आनंदीची रॅकेट स्पृहाच्या भुवईवर बसली. टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला.

तेव्हापासून मॅडमची झोप उडाली. स्पृहाची आई भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती भांडली नाही. शांतपणे म्हणाली, "तिला खेळायचंय म्हणून मी पाठवते. पुन्हा असं झालं तर मात्र नाही." एवढंच. पुण्यात माणूस कमी बोलला की जास्त लागतं.

मॅडमनी नियम बदलला. आता जिला घ्यायचं तिने मोठ्याने 'माझं' म्हणायचं, दुसरीने लगेच खाली वाकायचं. पण आनंदीच्या तोंडून शब्दच फुटेना. आपण मारलं, आपल्यामुळे रक्त आलं, हे पोरीच्या मनात घर करून बसलेलं. ती रॅकेट उचलायची आणि तशीच थांबायची. मग मॅडमना राहवेना. शटल मधे आलं की त्याच ओरडायच्या, "आनंदी!" नाहीतर "स्पृहा!" ज्या नावाची हाक, ती पुढे. महिनाभर असं चाललं आणि एकदाही धडक झाली नाही. मॅडमना वाटलं, जमलं. डोंबलाचं जमलं! पोरी शटलकडे बघायच्या सोडून मॅडमच्या तोंडाकडे बघायला लागल्या होत्या.

ते उघड झालं आंतरशालेय सामन्यात, कोथरूडच्या एका हॉलमध्ये. पहिलंच मधलं शटल आलं आणि मॅडम कोर्टाशेजारच्या खुर्चीवरून ओरडल्या. पंच होते एक निवृत्त गृहस्थ, स्वेटर घातलेले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "अहो मॅडम, शटल हवेत असताना बाहेरून बोलायचं नसतं. की आपणच उतरताय?"

मॅडम गप्प बसल्या. आणि मग एकामागून एक शटल त्या दोघींच्या मधे पडायला लागलं. दोघी थांबायच्या, मॅडमकडे बघायच्या, गुण जायचा. मॅडमना गुणांचं काही नव्हतं. त्यांना स्पृहाच्या भुवईवरचा तो पांढरा व्रण दिसत होता, आणि पाठीमागच्या बाकावर तिची आई बसली आहे हे त्या मान न वळवताही विसरू शकत नव्हत्या. मनात एकच, आज हिला काही होऊ नये, हरल्या तर हरू देत.

तेवढ्यात एक उंच शटल आलं, अगदी मधे. दोघी निघाल्या. मॅडमचा धीर सुटला. त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या, "आनंदी!" आनंदी झेपावली. पण स्पृहाही थांबली नव्हती. दोन रॅकेट खाडकन एकमेकींवर आपटल्या, आणि आनंदीची रॅकेट स्पृहाच्या गालाला वारा घालून गेली. पाठीमागे कुणीतरी श्वास रोखल्याचं मॅडमना ऐकू आलं.

स्पृहा कोर्टाच्या कडेला आली. घाबरली होती, पण रागावलीही होती. "मॅडम, मी 'माझं' म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही ओरडलात, त्यात तिला ऐकूच गेलं नाही."

ज्याला त्या इतके दिवस काळजी म्हणत होत्या, त्यानेच आज पोरीचा डोळा गेला असता. त्यांना भडभडून आलं. पंचांनी या वेळी टोमणा मारला नाही, नुसतं हाताने प्रेक्षकांचे बाक दाखवले. मॅडम मुकाट्याने उठल्या. जागा एकच रिकामी होती, स्पृहाच्या आईशेजारची. बसावं तर लागणारच.

खेळ पुन्हा सुरू झाला. सवयीने आनंदीने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग तिने स्पृहाकडे पाहिलं.

मधलं शटल यायचं ते आलंच. मॅडमनी ओढणीचा बोळा तोंडात धरला. आनंदी जागच्या जागी थबकली, क्षणभर काहीच झालं नाही. आणि मग ती पोर, जिच्या तोंडून महिनाभर हूं की चूं निघालं नव्हतं, हॉलभर ऐकू जाईल अशी ओरडली, "माझं!"

स्पृहा खाली वाकली. मागे वळूनही न बघता, मान खाली घालून, पूर्ण वाकली. आनंदीची रॅकेट तिच्या डोक्यावरून सणसणत गेली. टाळ्या वाजल्या, कुणाच्या तरी बाजूने वाजल्या.

स्पृहा उठून उभी राहिली. तिने कपाळावरचे केस मागे सारले आणि आपल्या जागी गेली.

मॅडमनी तोंडातली ओढणी काढली. जरा वेळाने शेजारी वळून हळूच विचारलं, "अहो, गुण कुणाला मिळाला?"

"काय माहीत," स्पृहाची आई डोळे पुसत म्हणाली. "मी कुठे शटल बघत होते?"