पत्र्याला घासणारी चाकं

हे माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही. आज तुम्हाला सांगतोय — आणि सांगताना माझीच मला किळस येतेय, तेवढं आधी ऐकून घ्या.

सहा वर्षं झाली. गाडीचे टायर झिजले होते. दाराच्या आत कंपनीनं माप चिकटवलेलं असतं, माझ्या गाडीचं एकशे पासष्ट मिलिमीटर रुंदीचं. पण ऑफिसातल्या एकाचे रुंद, फुगीर टायर डोळ्यांत भरलेले, आणि दसरा तोंडावर. आमच्या बेळगावच्या शहापुरात खंडेनवमीला गाड्या धुऊन, हार घालून गल्लीत ओळीनं लावतात. तिथं माझी गाडी उठून दिसायला नको? थोरल्या बहिणीकडं, आक्काच्या गावी निपाणीत गेलो होतो, तिथल्या एका दुकानात दोनशे पाचचे मागितले. म्हातारा मिस्त्री म्हणाला, "सायेब, बसतील. पण मागं माणसं भरली की पत्र्याला घासणार. लई वाईट." मी काय म्हणालो? "तू बसव रं, तुला काय करायचंय?" बापाच्या वयाच्या माणसाला! शी!

घासत होते. खड्ड्यात आदळलं की मागून खरखर यायची. मी गाणी मोठी लावायचो — कळतंय का, कसला माणूस मी?

तुळशीचं लग्न झालं आणि दाजींनी, आक्काच्या नवऱ्यांनी, गुंजीला एका लग्नाला जायला गाडी मागितली. घरची पाच माणसं, वर आहेराची भांडी. घासतंय — एवढंच सांगायचं होतं. एक शब्द! पण मग माझी हौस उघडी पडली असती. मी किल्ली दिली, वर म्हणालो, "टायर नवे हायत, बिनधास्त जावा."

खानापूरच्या पुढं मागचा टायर फुटला, गाडी चरीत गेली. आक्काचा उजवा खांदा मोडला. बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं.

मी पोचलो तेव्हा दाजी रस्त्याकडेला बसून रडत होते. आणि मी आधी काय बघितलं? टायर. पत्र्यानं बाजूनं सोललेला. कुणी काही विचारायच्या आत मी चारही टायर काढून मूळ मापाचे घातले. मग घरात सगळ्यांसमोर पहिलं कोण बोललं? मीच. "दाजी, जरा हळू चालवायचं हुतं."

दाजींनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. आक्काचा हात अजून डोक्यापर्यंत जात नाही. तिची वेणी रोज सकाळी तेच घालतात. ती हसते, ते हसत नाहीत.

परवा माझी मुलगी गाडी शिकायला लागली. दाजी मुद्दाम एसटीनं बेळगावला आले, तिला जवळ बसवलं. म्हणाले, "बाळा, माझ्यासारखी घाई करू नको गं. माझ्या चुकीनं तुझ्या आत्याचा हात गेला." मग माझ्याकडं बघितलं.

मी मान डोलावली. "व्हय दाजी, बरोबर सांगताय," म्हणालो.